जावा वेब अ‍ॅप्लिकेशनमधील डेटाबेस सेशन व्यवस्थापन

जावा वेब अ‍ॅप्लिकेशनमधील डेटाबेस सेशन व्यवस्थापन म्हणजे जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेल्या वेब अ‍ॅप्लिकेशनमध्ये डेटाबेसबरोबर चालणाऱ्या कामाचे सेशन केव्हा उघडावे, किती काळ उघडे ठेवावे आणि केव्हा बंद करावे हे ठरविण्याची पद्धती होय. हा प्रश्न प्रामुख्याने हायबरनेटसारख्या ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंग प्रणाली आणि जावा पर्सिस्टन्स एपीआय, म्हणजेच जेपीए, हे मानक वापरणाऱ्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये उद्भवतो. ब्राउझरकडून येणारी प्रत्येक विनंती एचटीटीपीच्या दृष्टीने स्वतंत्र असते. वापरकर्त्याचे एक काम मात्र अनेकदा दोन, चार किंवा दहा विनंत्यांमध्ये विभागलेले असते. या दोहोंचा मेळ घालताना सेशनची मर्यादा चुकीच्या जागी आखली गेली, तर त्याचे परिणाम किरकोळ त्रुटीपासून संपूर्ण संकेतस्थळ ठप्प होण्यापर्यंत किंवा एका वापरकर्त्याने केलेला बदल दुसऱ्याकडून नकळत पुसला जाण्यापर्यंत जाऊ शकतात.

संज्ञा

या विषयात ‘सेशन’ हा शब्द किमान दोन भिन्न अर्थांनी येतो आणि नवशिक्यांचा बराचसा गोंधळ येथूनच सुरू होतो. मराठीत दोहोंसाठी ‘सत्र’ हा एकच प्रतिशब्द वापरला जात असल्याने तो गोंधळ कमी होत नाही.

एचटीटीपी सेशन हे वापरकर्त्याचे असते. सर्व्हर ब्राउझरला एक ओळखक्रमांक देतो, तो साधारणतः कुकीच्या रूपाने प्रत्येक विनंतीबरोबर परत येतो आणि त्याच्या आधारे ‘हा तोच वापरकर्ता आहे’ हे सर्व्हरला कळते. टॉमकॅट या सर्व्हरमध्ये वापरकर्ता निष्क्रिय राहिल्यास हे सेशन मूळ मांडणीनुसार ३० मिनिटांनी संपते. डेटाबेस सेशन हे कामाचे असते. हायबरनेटमध्ये त्याला ‘सेशन’ आणि जेपीएमध्ये ‘एंटिटी मॅनेजर’ असे नाव आहे. डेटाबेसमधून आणलेल्या ऑब्जेक्टांची नोंद ठेवणे, त्यांत झालेले बदल ओळखणे आणि ते योग्य वेळी डेटाबेसमध्ये लिहिणे हे त्याचे काम. पहिल्याचे आयुष्य मिनिटांत किंवा तासांत मोजले जाते. दुसऱ्याचे बहुधा मिलिसेकंदांत.

याखेरीज आणखी दोन संकल्पना वेगळ्या ठेवाव्या लागतात. ‘कनेक्शन’ म्हणजे अ‍ॅप्लिकेशन आणि डेटाबेस सर्व्हर यांच्यामधील प्रत्यक्ष जोडणी. ‘ट्रान्झॅक्शन’ म्हणजे एक तर पूर्णपणे घडणारा किंवा मुळीच न घडणारा असा बदलांचा संच. सेशन, कनेक्शन आणि ट्रान्झॅक्शन यांचा आरंभ व शेवट एकाच क्षणी होतो असे गृहीत धरले जाते, परंतु तसे असणे आवश्यक नाही. एका सेशनमध्ये एकामागून एक अनेक ट्रान्झॅक्शन होऊ शकतात, आणि सेशन उघडे असतानाही त्याच्याजवळ कनेक्शन नसू शकते. पुढे वर्णन केलेल्या सर्व पद्धती म्हणजे या तीन आयुष्यांची निरनिराळी मांडणी आहे.

पार्श्वभूमी

जावामधून डेटाबेस वापरण्यासाठीचे जेडीबीसी हे मानक १९९७ साली जेडीके १.१ या आवृत्तीबरोबर उपलब्ध झाले. सर्व्हलेट तंत्रज्ञानही त्याच वर्षी प्रकाशात आले. सुरुवातीच्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये प्रत्येक विनंतीसाठी नवे कनेक्शन उघडून काम झाल्यावर ते बंद करण्याची रीत होती. कनेक्शन उघडण्यासाठी नेटवर्कवरील देवघेव, ओळख पटविणे आणि डेटाबेसच्या बाजूने स्मृती राखून ठेवणे इतक्या गोष्टी कराव्या लागतात. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये तर प्रत्येक कनेक्शनसाठी स्वतंत्र प्रक्रिया चालविली जाते. त्यामुळे आधीच उघडलेली ठरावीक कनेक्शन एका संचात ठेवून ती आळीपाळीने वापरायला देणारा ‘कनेक्शन पूल’ हा लवकरच सर्वमान्य उपाय ठरला. पूलमुळे वेग वाढला, पण कनेक्शन ही मोजकी आणि वाटून घ्यायची वस्तू झाली. सेशनच्या चर्चेतील बहुतेक वादांच्या मुळाशी हीच टंचाई आहे.

हायबरनेटची सुरुवात गॅव्हिन किंग यांनी २००१ साली केली. त्या वेळच्या एंटरप्राइझ जावाबीन्समधील एंटिटी बीन ही पद्धती वापरण्यास अवजड होती आणि तिला सुटसुटीत पर्याय देणे हा हायबरनेटचा हेतू होता. मार्टिन फाउलर यांच्या ‘पॅटर्न्स ऑफ एंटरप्राइझ अ‍ॅप्लिकेशन आर्किटेक्चर’ या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात युनिट ऑफ वर्क, आयडेंटिटी मॅप आणि लेझी लोड या संकल्पनांची मांडणी आहे. हायबरनेटचे सेशन या तिन्ही भूमिका एकाच ऑब्जेक्टमध्ये पार पाडते. २००६ साली आलेल्या जेपीएच्या पहिल्या आवृत्तीवर हायबरनेटचा मोठा प्रभाव होता. तिच्यामुळे हाच नमुना जावाच्या अधिकृत मानकाचा भाग झाला.

सेशनचे कार्य

एखाद्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळाचे उदाहरण घेतल्यास सेशन काय करते हे स्पष्ट होते. देवघेव विभागातील कर्मचाऱ्याने सभासद क्रमांक ४५ चे पान उघडले, की सेशन डेटाबेसमधील ती ओळ वाचून ‘सभासद’ ऑब्जेक्ट तयार करते आणि स्वतःच्या नोंदीत ठेवते. त्याच सेशनमध्ये पुन्हा क्रमांक ४५ मागितल्यास दुसरी क्वेरी न करता तोच ऑब्जेक्ट परत मिळतो. सभासदाचा पत्ता बदलल्यास ‘साठवा’ असे वेगळे सांगावे लागत नाही. वाचतेवेळची स्थिती आणि आत्ताची स्थिती यांची तुलना करून सेशन स्वतःच आवश्यक ती आज्ञा तयार करते. प्रलंबित बदल डेटाबेसकडे पाठविण्याच्या या क्रियेला ‘फ्लश’ म्हणतात.

सभासदाने नेलेल्या पुस्तकांची यादी मात्र लगेच आणली जात नाही. तिच्या जागी एक प्रतिनिधी संग्रह ठेवला जातो आणि कोणी त्या यादीला हात लावला तरच सेशन डेटाबेसकडे क्वेरी पाठवते. यालाच लेझी लोडिंग म्हणतात. हे नसते, तर एका सभासदाबरोबर त्याची पुस्तके, त्या पुस्तकांचे लेखक आणि त्या लेखकांची इतर पुस्तके असे करत अर्धा डेटाबेस स्मृतीत आला असता.

सेशन एकाच वेळी अनेक थ्रेडनी वापरण्यास सुरक्षित नाही. तसेच सेशनमध्ये डेटाबेसविषयक अपवाद उद्भवल्यास ते सेशन टाकून देऊन नवे घ्यावे अशी हायबरनेटची स्पष्ट सूचना आहे. कारण त्यानंतर स्मृतीतील ऑब्जेक्ट आणि डेटाबेसमधील नोंदी जुळतील याची शाश्वती राहत नाही. व्यवहारात ही दुसरी सूचना पहिल्याइतकीच महत्त्वाची असूनही वारंवार दुर्लक्षिली जाते.

एका विनंतीस एक सेशन

सर्वात प्रचलित पद्धतीत विनंती आल्यावर सेशन उघडले जाते आणि प्रतिसाद देऊन झाल्यावर बंद होते. याउलट प्रत्येक क्वेरीसाठी नवे सेशन उघडणे ही हायबरनेटच्या दस्तऐवजांत अपप्रथा म्हणून नोंदविलेली आहे. तसे केल्यास एकाच सभासदाचे दोन स्वतंत्र ऑब्जेक्ट तयार होतात, बदल ओळखण्याची सोय निरुपयोगी ठरते आणि एका कामातील बदल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बांधता येत नाहीत.

विनंतीचे सेशन कोडच्या सर्व थरांपर्यंत कसे पोहोचवावे, हा त्यानंतरचा प्रश्न. प्रत्येक फंक्शनला सेशन हा घटक देत राहणे त्रासदायक असते. सर्व्हलेट पद्धतीत एक विनंती सामान्यतः आरंभापासून शेवटपर्यंत एकाच थ्रेडवर हाताळली जाते. या वस्तुस्थितीचा उपयोग करून सेशन त्या थ्रेडशी बांधून ठेवण्यासाठी जावातील थ्रेडलोकल ही सोय वापरली जाऊ लागली. आरंभी प्रत्येक प्रकल्प त्यासाठी स्वतःचा छोटासा साहाय्यक वर्ग लिहीत असे. हायबरनेटच्या ३.०.१ या आवृत्तीत ‘सद्य सेशन’ मिळविण्याची पद्धत थेट सेशन फॅक्टरीतच आली आणि ३.१ मध्ये ती अधिक लवचीक झाली. स्प्रिंग फ्रेमवर्कमध्ये हेच काम ट्रान्झॅक्शन व्यवस्थापक करतो.

येथे एक धोका संभवतो. सर्व्हरमधील थ्रेड विनंतीबरोबर नष्ट होत नाहीत, तर पुढच्या विनंतीसाठी पुन्हा वापरले जातात. बांधलेले सेशन सोडवण्याचे राहून गेले, तर दुसऱ्याच वापरकर्त्याच्या विनंतीला पहिल्याचे अर्धवट सेशन मिळते. अशा वेळी जुनी माहिती दिसणे, असंबद्ध बदल लिहिले जाणे किंवा पूलमधील कनेक्शन हळूहळू संपणे असे प्रकार घडतात. चाचणीच्या संगणकावर एकच वापरकर्ता असल्याने हा दोष तेथे सहसा दिसत नाही. म्हणूनच सेशन बंद करण्याचा कोड अपवाद आला तरी चालेल अशा ठिकाणी, म्हणजे ‘फायनली’ खंडात, ठेवला जातो.

लेझी लोडिंग आणि बंद झालेले सेशन

सेवा थरातील काम संपताच सेशन बंद केले आणि त्यानंतर जेएसपीसारख्या पानाने सभासदाच्या पुस्तकांची यादी मागितली, तर ती आणणारे कोणीच उरलेले नसते. अशा वेळी हायबरनेट ‘लेझी इनिशियलायझेशन एक्सेप्शन’ हा अपवाद देते. हायबरनेटच्या तिसऱ्या आवृत्तीत, म्हणजे २००५ पासून, लेझी लोडिंग हे मूळ वर्तन झाले. तेव्हापासून हा अपवाद हायबरनेट वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येक विकसकाच्या परिचयाचा झाला. जेपीएने मध्यम मार्ग स्वीकारला: अनेक ऑब्जेक्टांचे संग्रह मूळतः गरज पडल्यावर, तर एकाच ऑब्जेक्टकडे नेणारे संबंध मूळतः तत्काळ आणले जातात.

या अपवादावरील पहिला सुचणारा उपाय म्हणजे सर्व संबंध तत्काळ आणावेत असे मॅपिंगमध्येच लिहून टाकणे. तो सर्वात महाग उपाय आहे. एका पानाची गरज भागविण्यासाठी केलेला हा बदल त्या वर्गाचा वापर करणाऱ्या प्रत्येक पानावर लादला जातो. सेशन बंद झाल्यावरही, गरज पडल्यास तात्पुरते नवे सेशन उघडून माहिती आणण्याची एक सेटिंग हायबरनेटमध्ये पुढे उपलब्ध झाली. परंतु तीमुळे एकाच पानावरील माहिती वेगवेगळ्या ट्रान्झॅक्शनमधून गोळा होते, आणि अपवाद दिसेनासा झाल्यामुळे मूळ दोष झाकला जातो.

ओपन सेशन इन व्ह्यू

‘पान तयार होईपर्यंत सेशन बंदच करू नये’ हा विचार ओपन सेशन इन व्ह्यू या नावाने रूढ झाला. सर्व्हलेट मानकाच्या २००१ मधील २.३ या आवृत्तीत फिल्टर ही सोय आली होती. विनंती आत जाताना आणि प्रतिसाद बाहेर पडताना अशा दोन्ही वेळी फिल्टरला नियंत्रण मिळते, त्यामुळे सेशन उघडण्या-मिटण्यासाठी ती सोयीची जागा ठरली. स्प्रिंग फ्रेमवर्कमध्ये यासाठी तयार फिल्टर आणि इंटरसेप्टर दिलेले आहेत.

या पद्धतीचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात संपूर्ण विनंती, पान तयार करण्यासह, एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये असते आणि फिल्टर शेवटी ते कायम करतो. पण पानाचा मजकूर बफरमध्ये मावेनासा झाला की तो ब्राउझरकडे जाऊ लागतो. जेएसपीमध्ये हा बफर मूळतः किमान ८ किलोबाइटचा असतो. त्यानंतर ट्रान्झॅक्शन कायम करण्यात अडथळा आला, तर ‘पुस्तकाची नोंद झाली’ असा संदेश वापरकर्त्याने वाचलेला असतो आणि नोंद मात्र झालेली नसते. दुसऱ्या प्रकारात सेवा थराचे ट्रान्झॅक्शन आधी पूर्ण होते आणि केवळ सेशन उघडे राहते. त्यानंतरच्या लेझी लोडिंगच्या क्वेरी ट्रान्झॅक्शनबाहेर, एकेकट्या चालतात. त्यामुळे पानाच्या वरच्या भागात पुस्तकांची संख्या ४ आणि खालच्या यादीत पुस्तके ५ असे दृश्य तत्त्वतः शक्य असते. स्प्रिंगचा हायबरनेटसाठीचा फिल्टर या काळात आपोआप होणारे फ्लश बंद ठेवतो, जेणेकरून पान तयार करताना झालेला बदल चुकून डेटाबेसमध्ये जाऊ नये.

पद्धतीवरील आक्षेप

पहिला आक्षेप क्वेरींच्या संख्येचा आहे. सभासदांच्या यादीत ५० नावे असतील आणि पानावरील आवर्तनात प्रत्येकाची पुस्तके मागितली जात असतील, तर यादीची १ आणि पुस्तकांच्या ५० अशा एकूण ५१ क्वेरी होतात. हा दोष ‘एन अधिक एक’ या नावाने ओळखला जातो. तो लेझी लोडिंगचा दोष असला, तरी ओपन सेशन इन व्ह्यूमुळे अपवाद येत नाही आणि म्हणून तो लक्षात येत नाही. शिवाय पानाची मांडणी करणारी व्यक्ती आणि डेटाबेसचा विचार करणारी व्यक्ती भिन्न असेल, तर साचात घातलेल्या एका ओळीमुळे डेटाबेसवरील भार वाढल्याचे दोघांच्याही ध्यानात येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर असून तो कनेक्शनचा आहे. अनेक मांडण्यांमध्ये सेशनने एकदा घेतलेले कनेक्शन सेशन मिटेपर्यंत पूलकडे परतत नाही. टॉमकॅट मूळ मांडणीत एका वेळी २०० थ्रेड चालवू शकतो, तर हिकारीसीपी या बहुप्रचलित पूलमध्ये मूळतः कमाल १० कनेक्शन असतात. एका विनंतीस कनेक्शन ५० मिलिसेकंद लागत असेल, तर १० कनेक्शनवर सेकंदाला जास्तीत जास्त २०० विनंत्या हाताळता येतात. त्याच विनंतीत डेटाबेसचे काम झाल्यावर बाहेरच्या एखाद्या सेवेची वाट पाहण्यात ४५० मिलिसेकंद गेले आणि तोवर कनेक्शन अडकून राहिले, तर हा आकडा २० वर येतो. डेटाबेसवरील भार यत्किंचितही वाढलेला नसतो. तरीही विनंत्या रांगेत ताटकळतात आणि हिकारीसीपीच्या मूळ मांडणीनुसार ३० सेकंद वाट पाहून अपयशी होतात. डेटाबेस निवांत आणि संकेतस्थळ बंद, असे हे विचित्र लक्षण असते. अशा वेळी पूलचा आकार वाढविणे हा तात्पुरता दिलासा ठरतो, कारण डेटाबेसचीही मर्यादा असते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये मूळतः कमाल १०० आणि मायएसक्यूएलमध्ये १५१ कनेक्शन स्वीकारली जातात, आणि ती अ‍ॅप्लिकेशनच्या सर्व प्रतींमध्ये मिळून वाटली जातात.

याचा एक उपप्रकार म्हणजे स्वतःच स्वतःची वाट अडविणे. एखाद्या विनंतीने पहिले कनेक्शन न सोडता स्वतंत्र ट्रान्झॅक्शनसाठी दुसरे मागितले आणि अशा १० विनंत्या एकदम आल्या, तर दहाही जणींकडे एकेक कनेक्शन असते, दहाही दुसऱ्याच्या प्रतीक्षेत असतात आणि पूल रिकामा असतो.

या कारणांमुळे अनेक जाणकार या पद्धतीस अपप्रथा मानतात. ‘हाय-परफॉर्मन्स जावा पर्सिस्टन्स’ या पुस्तकाचे लेखक व्लाद मिहाल्चा हे त्यांपैकी एक होत. समर्थकांचे म्हणणे असे, की लहान अ‍ॅप्लिकेशनमध्ये आणि अंतर्गत वापराच्या प्रणालींमध्ये विनंत्या थोड्या असतात, पाने सर्व्हरवरच तयार होतात आणि या पद्धतीमुळे कोड पुष्कळच सोपा राहतो. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. स्प्रिंग बूटमध्ये ही सोय मूळतः चालू असते. २०१८ मधील २.० या आवृत्तीपासून मात्र ती स्पष्टपणे चालू किंवा बंद केलेली नसल्यास अ‍ॅप्लिकेशन सुरू होताना तसा इशारा नोंदविला जातो. मूळ मांडणी बदलली असती तर अस्तित्वात असलेली असंख्य अ‍ॅप्लिकेशन मोडली असती. इशारा हा त्यातून काढलेला मार्ग होता.

आवश्यक तेवढेच आणणे

ओपन सेशन इन व्ह्यू टाळायचे, तर सेशन मिटण्यापूर्वीच पानाला लागणारी सर्व माहिती आणून ठेवावी लागते. यासाठी क्वेरीतच संबंधित तक्ता जोडून घेणारा ‘जॉइन फेच’ वापरता येतो. २०१३ मधील जेपीए २.१ पासून ‘एंटिटी ग्राफ’ ही सोयही आहे. तिच्यामुळे त्याच क्वेरीसाठी वेगवेगळ्या प्रसंगी वेगवेगळे संबंध आणता येतात. एकाच वेळी दोन संग्रह जोडल्यास मात्र ओळींचा गुणाकार होतो. सभासदाची २० पुस्तके आणि १५ पावत्या एकाच क्वेरीत आणल्या, तर ३५ नव्हे तर ३०० ओळी येतात. केवळ वाचनासाठी असलेल्या पानांकरिता एंटिटी न आणता, हवे तेवढेच स्तंभ साध्या वाहक ऑब्जेक्टमध्ये भरून घेणे बहुधा सर्वात स्वच्छ ठरते. त्या ऑब्जेक्टला सेशनची गरजच नसते.

जेसन स्वरूपात प्रतिसाद देणाऱ्या सेवांमध्ये हा मार्ग जवळजवळ अपरिहार्य आहे. एंटिटी थेट जेसनमध्ये रूपांतरित करणारी लायब्ररी तिच्या प्रत्येक गुणधर्माला स्पर्श करते, आणि सेशन उघडे असल्यास त्या स्पर्शागणिक एकेक संबंध उलगडत जातो.

अनेक विनंत्यांत विभागलेले काम

वापरकर्त्याच्या दृष्टीने एकच, परंतु अनेक विनंत्यांत घडणाऱ्या कामास हायबरनेटच्या परिभाषेत ‘कॉन्व्हर्सेशन’ किंवा संभाषण म्हणतात. ग्रंथालयातील कर्मचारी १० वाजता सभासदाचा अर्ज दुरुस्तीसाठी उघडतो, दूरध्वनीवर सभासदाशी बोलतो आणि १० वाजून ६ मिनिटांनी ‘जतन करा’ हे बटण दाबतो. ही सहा मिनिटे डेटाबेसचे ट्रान्झॅक्शन उघडे ठेवणे योग्य नाही. तितका वेळ कनेक्शन अडकून राहते आणि त्या ओळीवर कुलूप असल्यास इतरांची कामेही खोळंबतात. कर्मचारी तसाच जेवायला निघून गेला, तर खोळंबा किती वेळ चालेल हे कोणीच सांगू शकत नाही.

ट्रान्झॅक्शन मिटविल्यास दुसरा धोका उद्भवतो. याच सहा मिनिटांत दुसऱ्या खिडकीवरील कर्मचाऱ्याने त्याच सभासदाचा दूरध्वनी क्रमांक दुरुस्त केला, तर पहिल्याने जतन केलेला अर्ज जुना क्रमांक पुन्हा लिहितो. दुसऱ्याचे काम कोणतीही त्रुटी न दाखविता नाहीसे होते. त्यास ‘गमावलेला बदल’ म्हणतात.

यावरील रूढ उपाय म्हणजे आशावादी कुलूप. तक्त्यात आवृत्ती क्रमांकाचा एक स्तंभ ठेवला जातो. ओळ बदलताना ‘क्रमांक ४५ आणि आवृत्ती ७ असेल तरच बदला व आवृत्ती ८ करा’ अशी आज्ञा दिली जाते. एकही ओळ बदलली गेली नाही, तर मधल्या काळात कोणीतरी बदल केला असे सिद्ध होते आणि जेपीए ‘ऑप्टिमिस्टिक लॉक एक्सेप्शन’ देते. वापरकर्त्याला ताजी माहिती दाखवून पुन्हा विचारणे हे पुढचे काम अ‍ॅप्लिकेशनचे असते.

केवळ आवृत्ती स्तंभ जोडल्याने मात्र अनेक विनंत्यांमधील संरक्षण मिळत नाही, आणि ही चूक सर्रास आढळते. दुसऱ्या विनंतीत सभासद नव्याने डेटाबेसमधून वाचला आणि त्यावर अर्जातील किमती चढविल्या, तर तपासली जाते ती आत्ता वाचलेली आवृत्ती ८. कर्मचाऱ्याने पाहिलेली आवृत्ती ७ नव्हे. तपासणी यशस्वी होते आणि बदल तरीही गमावला जातो. त्यामुळे पहिल्या पानावर दाखविलेला आवृत्ती क्रमांक अर्जातील लपलेल्या रकान्यातून किंवा अन्य मार्गाने परत यावा लागतो. तो नव्याने वाचलेल्या ऑब्जेक्टवर नुसता लिहूनही उपयोग होत नाही, कारण हायबरनेट वाचतेवेळीची आवृत्ती स्वतंत्रपणे लक्षात ठेवते. दोन्ही क्रमांकांची कोडमध्ये स्पष्ट तुलना करावी लागते, अथवा सेशनपासून विलग झालेला मूळ ऑब्जेक्ट ‘मर्ज’ करावा लागतो.

विस्तारित सेशन

दुसरा मार्ग सेशनच संभाषणभर जिवंत ठेवण्याचा आहे. यात सेशन एचटीटीपी सेशनमध्ये ठेवले जाते. विनंत्यांच्या दरम्यान ते आपले कनेक्शन पूलला परत देते, आपोआप होणारे फ्लश बंद असते आणि शेवटच्या विनंतीत सर्व बदल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहिले जातात. ऑब्जेक्ट कधीच विलग होत नसल्याने लेझी लोडिंगचा अपवाद येत नाही, आणि मूळ आवृत्ती सेशनच्या लक्षात असल्याने आशावादी कुलूपही बिनचूक चालते. जेपीएच्या पहिल्या आवृत्तीपासूनच, स्थितीयुक्त सेशन बीनबरोबर वापरायचा ‘विस्तारित पर्सिस्टन्स कॉन्टेक्स्ट’ या रूपाने ही संकल्पना मानकात आहे.

कागदावर ही पद्धती सर्वात नेटकी दिसते. वापरात ती तितकी पसरली नाही. आणलेला प्रत्येक ऑब्जेक्ट सेशन संपेपर्यंत स्मृतीत राहतो आणि तोही प्रत्येक वापरकर्त्यामागे. एकाच वापरकर्त्याने दोन टॅब उघडले किंवा पानाने पार्श्वभूमीला दोन विनंत्या एकदम पाठविल्या, तर थ्रेडसाठी असुरक्षित असलेले सेशन दोन थ्रेडच्या हाती जाते. अनेक सर्व्हरांवर विभागलेल्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये संपूर्ण सेशन एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर न्यावे लागते. एका पायरीवर अपवाद आला, तर आधीच्या सर्व पायऱ्यांसह सेशन टाकून द्यावे लागते. ज्या तक्त्यांत प्राथमिक क्रमांक खुद्द डेटाबेस ओळ घालताना देतो, तेथे ट्रान्झॅक्शनमध्ये नव्या ओळी शेवटपर्यंत रोखून धरणेही शक्य होत नाही.

टॅबचा प्रश्न सोडविण्यासाठी गॅव्हिन किंग यांच्याच पुढाकाराने तयार झालेल्या जेबॉस सीम या फ्रेमवर्कने २००६ साली संभाषण ही स्वतंत्र व्याप्ती मांडली. प्रत्येक संभाषणास क्रमांक असतो व तो पत्त्यातून पुढच्या विनंतीकडे जातो, त्यामुळे एकाच एचटीटीपी सेशनमध्ये अनेक संभाषणे वेगळी राहतात. ही कल्पना पुढे कॉन्टेक्स्ट्स अँड डिपेन्डन्सी इंजेक्शन या मानकात, २००९ मधील जावा ईई ६ बरोबर, समाविष्ट झाली. या मानकानुसार एक विनंती संभाषण वापरत असताना दुसरी आल्यास तिला ‘संभाषण व्यग्र आहे’ असा अपवाद मिळतो.

पुढील वाटचाल

२०१० नंतर पाने ब्राउझरमध्येच तयार करण्याची पद्धत वाढली, तसे संभाषणाचे ओझे बऱ्याच अंशी ब्राउझरकडे गेले. चार पायऱ्यांचा अर्ज ब्राउझरच्या स्मृतीत भरला जातो आणि शेवटी एकाच विनंतीत सर्व्हरकडे येतो. विस्तारित सेशनची गरज यामुळे कमी झाली. आवृत्ती क्रमांक परत पाठविण्याची गरज मात्र पूर्वीइतकीच राहिली.

काही साधनांनी सेशन ही संकल्पनाच सोडून दिली. स्प्रिंग डेटा जेडीबीसीमध्ये लेझी लोडिंग नाही आणि बदलांचा आपोआप मागोवाही घेतला जात नाही; साठवायचे ते स्पष्टपणे सांगावे लागते. हायबरनेटमध्येही अशाच हेतूने ‘स्टेटलेस सेशन’ उपलब्ध आहे.

जावा ईई हे मानक इक्लिप्स फाउंडेशनकडे गेल्यानंतर जेपीएचे नाव जकार्ता पर्सिस्टन्स झाले आणि हायबरनेटची सहावी आवृत्ती २०२२ साली त्याला अनुसरून आली. नावे बदलली, सेशनच्या मर्यादेचे नियम तेच राहिले. २०२३ मधील जावा २१ मध्ये आभासी थ्रेड स्थिरावल्यानंतर एका सर्व्हरवर एकाच वेळी हजारो विनंत्या सहज उघड्या राहू शकतात. त्या पूर्वी टॉमकॅटच्या २०० थ्रेडांपाशी अडत असत, त्या आता थेट कनेक्शन पूलच्या दाराशी येऊन थांबतात. त्यामुळे कनेक्शन उशिरात उशिरा घेणे आणि लवकरात लवकर परत करणे हे आभासी थ्रेड वापरणाऱ्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये पूर्वीपेक्षाही अधिक निकडीचे झाले आहे.